खेळताई पडायला शिकून आल्या

खेळताई पुन्हा काहीतरी शिकायला निघाल्यात ही बातमी मीटरमामांना सकाळच्या चहाबरोबर मिळाली आणि त्यांना चहा बेचव लागला. तसा तिथला चहा रोजच बेचव असायचा, पण आज त्याला निमित्त मिळालं.

"या खेपेला कशाचा वर्ग?" त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांना विचारलं.

"सांगत नाहीत. नुसत्या हसतात."

"हसतात म्हणजे आपलं काही खरं नाही."

मीटरमामा म्हणजे उभा जन्म घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेला माणूस. लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात डोकं घातलं, डगमगत्या शिड्या चढले, तऱ्हेतऱ्हेच्या कुत्र्यांशी सलोख्यानं वागले, आणि एवढं करून कधी साधं खरचटलंही नाही. मग निवृत्त झाले आणि स्वतःच्याच न्हाणीघरात, साबणाच्या वडीवर पाय देऊन, भर दुपारी आपटले. मांडीचं हाड मोडलं. ते जोडल्यावर पुन्हा चालायला लागावेत म्हणून त्यांना या पुनर्वसन केंद्रात आणलं. हाड केव्हाच जुळून आलं. हाडांचे डॉक्टर दर भेटीला त्याचा फोटो उजेडापुढे धरायचे आणि स्वतःच्या मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे खूश व्हायचे. मामा मात्र चाकाच्या खुर्चीतून उठायचं नाव घेत नव्हते. व्यायामवाल्या डॉक्टरांनी उभं केलंच, तर दोन्ही बाजूंच्या दांड्या अशा धरायचे की सोडवायला दोन माणसं लागायची. "पाय दुखतो," म्हणायचे. कुठला, ते त्या त्या दिवसावर असायचं.

खेळताईंच्या दारावर 'उपचारात्मक मनोरंजन तज्ज्ञ' अशी पाटी होती, पण एवढं म्हणेपर्यंत ताई पुढच्या खोलीत पोचलेल्या असायच्या, म्हणून सगळे त्यांना खेळताईच म्हणत. व्यायामवाले डॉक्टर रुग्णाच्या हातात वजन द्यायचे आणि रुग्ण कण्हायचा. ताई त्याच हातात चेंडू द्यायच्या, पत्ते द्यायच्या, झारी द्यायच्या, आणि रुग्णाला पत्ता लागायच्या आत तोच व्यायाम करून घ्यायच्या. इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण बाईंना शिकण्याची खोड. परवाना टिकवायचा तर अधूनमधून थोडं शिकावं लागतं, हे सगळ्यांना मान्य होतं. मेट्रनबाईसुद्धा शिकून यायच्या. त्या बसायच्या, सही करायच्या, डब्यात उरलेली बिस्किटं घेऊन यायच्या आणि होत्या तशा राहायच्या. खेळताई शिकून आल्या की मात्र ते सगळ्या मजल्याला भोगावं लागायचं.

एकदा त्या ताल शिकून आल्या. पुढचा महिनाभर सगळे उलट्या बादल्यांवर लाकडी चमचे बडवत होते, आणि अंघोळीला बादली मागितली तर "वाजवून होऊ द्या, मग देते" असं उत्तर मिळायचं. मग चिकणमाती आली. ती नखांत गेली, चादरींवर गेली, एकदा तर डाळीत सापडली. त्यानंतर बाहुल्यांचा वर्ग झाला आणि मोज्यांच्या बाहुल्या करायच्या म्हणून प्रत्येकाचा एकेक मोजा गेला. एकेकच. उरलेल्या मोज्याचं माणसानं काय करायचं, ते वर्गात शिकवलेलं नसावं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी सगळ्यांची गत झाली होती, आणि कुत्र्यांच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा होता.

तेव्हा ताई निघायच्या दिवशी मामांनी त्यांना दारातच अडवलं. अडवलं म्हणजे चाकाची खुर्ची आडवी घातली.

"ताई, नोकरी पक्की आहे. केस पिकायला लागलेत. आता कशाला शाळेत जाता?"

"जेवण फार चांगलं असतं हो मामा," ताई म्हणाल्या. "शिवाय चार दिवस सासूबाईंना माझ्या हातचं खावं लागत नाही. त्यांचीही सुटी होते."

आणि खुर्चीला वळसा घालून गेल्या. शिकलेली माणसं सरळ उत्तर देत नाहीत, असं मामांचं मत होतं, ते पक्कं झालं.

त्याच दुपारी मेट्रनबाई आल्या. मामी नुकत्या येऊन बसल्या होत्या. मामी रोज यायच्या, पिशवीतून धुतलेला सदरा काढायच्या, कालचा पिशवीत टाकायच्या आणि मग खाटेच्या कडेला पाठ ताठ ठेवून बसायच्या. मेट्रनबाईंनी दोघांसमोर सरळच सांगितलं. मामांची मुदत संपत आली होती. महिनाअखेर हाडांचे डॉक्टर येऊन शेवटचं बघणार. मामा चालले तर घरी जातील. नाही चालले तर मागच्या इमारतीत, कायमच्या विभागात. इथे खाटेवरच्या पाटीवर नाव खडूनं लिहीत. तिकडे रंगानं लिहीत.

"अहो, घरी याल ना?" मेट्रनबाई गेल्यावर मामींनी विचारलं.

"येणार की. पाय तेवढा दुखायचा थांबू दे."

मामींनी त्या पायाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे बघितलं, आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा मारली. घराची ओढ मामांना अशी होती की दुपारी डोळे मिटले तरी स्वतःच्या दाराची कडी दिसायची. पण उभं राहायचं म्हटलं की फरशी दिसायची, आणि पुढचं काही दिसायचंच नाही.

ताई चार दिवसांनी परत आल्या, कोपराला हे एवढं काळंनिळं आणि चेहऱ्यावर आनंद ओसंडून वाहतोय. सरळ मामांच्या खाटेपाशी आल्या. "मामा, बघा हं," म्हणाल्या, आणि मधल्या वाटेत धाडकन पडल्या.

मामा किंचाळले. परिचारिका धावली, शिंपीकाका हात जोडून उठून बसले, पलीकडून बँकेतून निवृत्त झालेल्या आजी "पाणी आणा, पाणी आणा" म्हणून ओरडायला लागल्या आणि स्वतःच आपल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. ताई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, अगदी स्वस्थ.

"कसं वाटलं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"काय कसं वाटलं?"

"पडणं. चार दिवस हेच शिकले. ज्युदो शिकवणारे एक आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले. सकाळपासून पडतात. जेवल्यावरसुद्धा पडतात."

"पडायला शिकायला वर्ग लागतो?" शिंपीकाका म्हणाले. "हे आम्हाला घरच्या घरी जमलं होतं."

"तुम्ही चुकीचं पडलात, काका. म्हणून तर इथे आहात."

ताई उठल्या त्याही एका विशिष्ट पद्धतीनं, आधी कुशीवर, मग कोपरावर, मग रांगत रांगत खाटेपर्यंत, आणि मग एक गुडघा वर घेऊन. परिचारिका हात द्यायला पुढे झाली तर तिला मागे सारलं. त्या दिवसापासून ताई दिसेल तिथे पडायला लागल्या. जेवणघरात पडल्या, बाकापाशी पडल्या, मामांचं औषध आणताना औषधाची वाटी जराही न हिंदकळता पडल्या. मामा त्यांना लांबून येताना बघायचे आणि आधीच डोळे मिटून घ्यायचे.

मग वर्ग सुरू झाला. ताईंनी हाडांच्या डॉक्टरांना विचारून, कोणी कितपत पडायचं ते ठरवून घेतलं होतं. खेळाच्या खोलीत जाडजूड गाद्या अंथरल्या. आधी गादीवर निजूनच उठायला शिकायचं, मग बसलेलं असताना कलंडायचं, आणि तब्येत चांगली असेल त्यानं उभ्यानं. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही. हात टेकायचा नाही, मनगट जातं. आणि अंगाच्या मांसल बाजूवर पडायचं.

"देवानं जिथे गादी दिलीय, तिथे," ताईंनी समजावलं.

"मला देवानं सगळीकडेच दिलीय," बँकेतल्या आजी म्हणाल्या. "मी कुठेही पडले तरी चालेल ना?"

गंमत म्हणजे लोकांना ते आवडायला लागलं. बादल्यांना नाकं मुरडणारी माणसं पडायला वेळेआधी येऊन बसायला लागली. साठ-सत्तर वर्षं ज्याला सगळे "पडशील, पडशील" म्हणत आले, त्याला कोणी "पडा" म्हणणारं भेटलं की फार बरं वाटतं. शिंपीकाका तर पडलो तरी नाक वर या म्हणीचं जिवंत उदाहरण झाले. पडून झालं की तिथूनच दुसऱ्यांच्या चुका काढायचे.

एकटे मीटरमामा भिंतीकडेला आपल्या खुर्चीत बसून राहायचे. "तुमचं चालू द्या. मी बघतो," म्हणायचे. ताई आग्रह करायच्या नाहीत. पण पडताना दर वेळी त्यांच्याकडे तोंड करून पडायच्या.

आता मेट्रनबाईंना हा प्रकार कळला कसा नाही, असं कोणी विचारेल. कळला होता. खेळाच्या खोलीत गाद्या टाकल्यात म्हणजे विश्रांतीचा काहीतरी वर्ग असणार, असा त्यांनी समज करून घेतला होता, आणि विश्रांतीला त्यांची हरकत नव्हती. मेट्रनबाईंचा जीव एकाच गोष्टीत होता. त्यांच्या केंद्रात कोणी पडत नसे. जिन्यात, दारात, न्हाणीघरात सगळीकडे 'सांभाळून चाला' असं लिहिलं होतं, आणि कोणाचा नुसता तोल गेला तरी चौकशी बसायची. अशात मोठे पाहुणे यायचं ठरलं. केंद्राला मदत करणारे काही आणि तपासणी करणारे काही, असे मिळून आले. मेट्रनबाई इस्त्रीचा गणवेश घालून त्यांना मजलाभर फिरवत होत्या.

"आणि सांगायला अभिमान वाटतो," खेळाच्या खोलीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "की आमच्याकडे एकही रुग्ण कधी पडत नाही."

आणि दार उघडलं.

आत सगळे पडले होते. कोणी कुशीवर, कोणी पाठीवर, कोणी दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवून. मधोमध खेळताई पडल्या होत्या. बँकेतल्या आजी तेवढ्या खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या. "थांबा, मी अजून पडायची आहे," असं पाहुण्यांना सांगून त्या कलंडल्या. शिंपीकाका रीतभात सोडणारे नव्हेत. त्यांनी निजल्या निजल्या मान वळवली आणि "या, बसा ना," म्हणाले. एका पाहुण्यानं फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. दुसऱ्यानं खिडक्या उघडा, खिडक्या उघडा, गॅस असेल, असं म्हणून स्वतःच्या नाकाला रुमाल लावला. त्या गोंधळात सरळ बसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे मीटरमामा. तपासणीवाल्यांपैकी सगळ्यात मोठे साहेब त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी मामांचा हात हातात घेऊन दाबला.

"तुम्ही तरी ठीक आहात," साहेब म्हणाले. "उत्तम आहे तुमची प्रकृती."

मामांनी मान डोलावली. मग खाली बघितलं, तर गादीवरून ताई त्यांच्याकडे बघून हसत होत्या. मामांना फार अवघडल्यासारखं झालं.

पुढे जे व्हायचं ते झालं. रुग्णवाहिका आली आणि रिकामी परत गेली. गाद्या जप्त होऊन लॉन्ड्रीच्या खोलीत गेल्या. मेट्रनबाईंनी ताईंना सगळ्यांदेखत सुनावलं की इथून पुढे या केंद्रात कोणीही काहीही शिकून यायचं नाही. ताईंनी ऐकून घेतलं. आपण कोणासाठी हे करतोय, याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"बरं झालं," संध्याकाळी मामा म्हणाले. "सुटलो एकदाचे."

शिंपीकाका एरवी मऊ स्वभावाचे. त्या दिवशी ते मामांकडे वळले आणि त्यांनी आपला उजवा हात मामांच्या तोंडासमोर धरला. मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"मी आलो तेव्हा ही मूठ मिटलेली होती," ते म्हणाले. "उघडायचीच नाही. व्यायामवाल्यांनी दोनदा हात टेकले. बाई कुठूनशी माती मळायची शिकून आल्या. सगळ्यांना माती दिली. मला एकट्याला दिली असती तर मी भिरकावली असती, ते त्यांना ठाऊक होतं."

मामा त्या मुठीकडे बघत राहिले.

"पलीकडचे ते पहारेकरी, आठवतात? वाचा गेली होती त्यांची. बादलीच्या ठेक्यावर पहिला शब्द बोलले. आजी सुनेशी बोलत नव्हत्या, किती वर्षं कोण जाणे. मोजा हातात घातल्यावर मोजा बोलला. काय काय बोलला तो मोजा, बापरे. सून रडली आणि मग तिनंही मोजा घातला." काकांनी पांघरूण ओढून घेतलं. "आता तूच मोजून बघ, मीटर वाचायचास ना? इथे पडायला घाबरणारं कोण आहे?"

इतके महिने पाय दुखतो, पाय दुखतो म्हणून आपण सगळ्यांना ताकास तूर लागू दिली नाही, अशा समजात मामा होते. आणि इथे शेजारच्या खाटेलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चाकं फिरवत लॉन्ड्री गाठली. ताई तिथे जप्त गाद्यांच्या ढिगावर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांची शिक्षा होती ती.

"जेवणासाठी गेला होतात म्हणे," मामा म्हणाले.

"जेवण चांगलंच होतं."

"ताई, माझी चेष्टा करू नका. खरं सांगा."

ताईंनी घडी बाजूला ठेवली. "खरं सांगायचं तर मला जे येत होतं, ते सगळं तुमच्यावर करून झालं होतं, मामा. चेंडू झाला, पत्ते झाले, बाग झाली. तुम्ही चेंडू झेलायचात, पण खुर्चीतून. मला यायचं तेवढं संपलं. मग काय करणार? दुसरं शिकून आले." त्या जरा थांबल्या. "आणि पाय दुखत नाही तुमचा. दाराचा उंबरठा ओलांडताना तुम्ही खुर्चीचे हात कसे धरता, ते बघते ना मी."

लॉन्ड्रीतलं मोठं यंत्र घरघरत होतं. त्या आवाजात बोलायला मामांना बरं वाटलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. न्हाणीघरात पडले तेव्हा मामी धावत आल्या. उचलायला बघितलं, जमेना. काखेत हात घातला, टॉवेल बांधून ओढलं, काही जमेना. फोन वरच्या माळ्यावर होता, तिथवर जायला त्या तयार नव्हत्या, कारण मामांनी त्यांचा पदर धरून ठेवला होता. शेवटी त्या ओल्या फरशीवर त्यांच्याजवळ बसून राहिल्या. शेजारचे कामावरून येईपर्यंत. मामांना गार वाजू नये म्हणून त्यांनी स्वतःचं अंग त्यांच्या पाठीला लावलं होतं, आणि काही ना काही बोलत होत्या.

"हाड मोडायची भीती नाही वाटत," मामा म्हणाले. "मोडेना का. पण मी पुन्हा पडलो तर ती पुन्हा तशी बसेल. तिला मी उचलला जात नाही, ताई. ते तिचं तोंड मला बघवत नाही." त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "त्यापेक्षा मागची इमारत बरी."

ताईंचेही डोळे भरून आले होते, पण त्या कामाच्या बाई. "दार लावा," म्हणाल्या. "गाद्या इथेच आहेत."

मग रोज दुपारी चादरींच्या घड्या घालायला ताईंना मदत म्हणून मीटरमामा लॉन्ड्रीत जायला लागले. यंत्र चालू असलं की धप्प आवाज बाहेर जात नसे. लॉन्ड्रीवाला दाराशी बसून राखण करायचा आणि कोणी आलं की मोठ्यांदा खोकायचा. मेट्रनबाईंनी त्याला खोकल्याचं औषध दिलं. पहिल्या दिवशी मामा नुसते गादीवर निजले आणि उठायला शिकले. कुशीवर व्हायला एवढा वेळ लागला की मधेच ताईंनी दोन चादरींच्या घड्या घातल्या. हळूहळू जमलं. मग बसून कलंडले. मग एक दिवस उभे राहिले, दांडी नाही, काठी नाही, ताई हातभर लांब, आणि मांडीच्या दणकट बाजूवर पडले. पडल्यावर छताकडे बघत बराच वेळ निजून राहिले.

"मामा, लागलं का?"

"नाही. एवढंच होतं होय ते?"

आणि त्यांना हसू फुटलं. त्या दिवसानंतर व्यायामवाल्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी दांड्या सोडल्या. डॉक्टरांना ते स्वतःच्या व्यायामाचं यश वाटलं. त्यांचा तो आनंद कोणी हिरावून घेतला नाही.

महिनाअखेर आली. मोठ्या वाटेत सगळे जमले. हाडांचे डॉक्टर, व्यायामवाले डॉक्टर, मेट्रनबाई, आणि एका खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन मामी. ताई भिंतीपाशी उभ्या होत्या. शिंपीकाका आणि आजी दाराआडून बघत होते, आणि आपण दिसत नाही असं त्यांना वाटत होतं. मामा काठी घेऊन उठले, चालले, टोकाला जाऊन वळले, परत आले. पाय लटपटले नाहीत. हाडांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली.

"झालं," मेट्रनबाई म्हणाल्या. "घरी न्या यांना."

मामी जागच्या हलल्या नाहीत. "चालतात ते दिसलं मला," त्या म्हणाल्या. "आणि पडले तर?"

"पडू द्यायचंच नाही ना. आम्ही इथे बघा कसं..."

"इथे तुम्ही पुष्कळ आहात. घरी मी एकटी." मामींचा आवाज बारीक झाला. त्यांनी मामांकडे बघितलं नाही. "मला नाही ते उचलले जात. मागच्या खेपेला नाही उचलले गेले. तुम्ही त्यांना राहू द्या इथेच. मी रोज येईन."

मामांना आपली सगळी भीती अशी समोर मांडलेली दिसली, तीही बायकोच्या तोंडून. इतके महिने दोघं एकाच गोष्टीला घाबरत होते आणि एकमेकांना सदरे देत-घेत होते. ताई भिंतीपासून एक पाऊल पुढे आल्या. मामांनी त्यांना हातानं थांबवलं. मग काठी व्यायामवाल्या डॉक्टरांच्या हातात दिली, हनुवटी छातीला लावली आणि पडले.

मेट्रनबाई इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

"कोणी हात लावायचा नाही," मामा फरशीवरून म्हणाले. "अगं, तूसुद्धा नाही. बसून राहा."

मामी अर्ध्या उठल्या होत्या. त्या तशाच थिजल्या. मामा आधी स्वस्थ पडून राहिले, कुठे दुखतंय का ते तपासलं. मग कुशीवर वळले. मग कोपरावर आले. मग केंद्राच्या ढगळ पायजम्यात, एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांपुढे, चार पायांवर रांगायला लागले. पायजमा मागून जरा घसरला. आजींनी दाराआड तोंड फिरवलं आणि पुन्हा वळवलं. मामा मामींच्या खुर्चीपर्यंत आले, बैठकीच्या कडेवर हात ठेवले, एक पाय पुढे घेतला, दात-ओठ खात जोर लावला, आणि उभे राहिले.

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हातातली पिशवी खाली पडली आणि तिच्यातून इस्त्रीचा सदरा फरशीवर आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी का नाही उठलात?"

"तेव्हा कुठे येत होतं मला."

मामी रडायला लागल्या. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा धीर द्यायला आणि थोडा तोल सांभाळायला. मेट्रनबाई काहीतरी बोलणार होत्या, पण हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि कुठल्यातरी औषधाबद्दल विचारलं, जे त्यांना स्वतःलाच माहीत होतं.

बऱ्याच वेळानं मामींनी डोळे पुसले, चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि ताईंकडे वळल्या. "मलाही शिकवा. घरात दोघं आहोत. उद्या मीही पडेन, आणि यांना का मी उचलली जाणार आहे?"

ताई पुढे झाल्या, पण मामा आधीच मध्ये आले होते.

"तुम्ही राहू द्या, ताई," ते म्हणाले. "हिला मी शिकवतो. चल गं, लॉन्ड्री इकडे आहे."